अमेरिकी टीव्हीचा ‘फॉल सीझन’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकी मालिका आपण आता मोबाइलवर, हव्या त्या वेळी आणि सलग बघतो. त्यामुळे एखाद्या मालिकेचे बावीसच भाग का, डिसेंबरात ती महिनाभर का थांबते किंवा चांगली चाललेली मालिका दुसऱ्या वारी गेल्यावर का मरते, हे कळेनासं होतं. या सगळ्याची उत्तरं एका तक्त्यात सापडतात. तो तक्ता म्हणजे नेटवर्कचं शरद ऋतूतलं वेळापत्रक. खाली एनबीसी या नेटवर्कची आणि तिच्या गुरुवार रात्रीची उदाहरणं जास्त आली आहेत, कारण वेळापत्रक कसं रचावं आणि कसं बिघडवावं हे दोन्ही त्या एका रात्रीत शिकता येतं.

‘फॉल सीझन’ नक्की कधी सुरू होतो?

सप्टेंबरच्या तिसऱ्या किंवा चौथ्या सोमवारी. संपतो पुढच्या वर्षीच्या मेच्या उत्तरार्धात. प्रेक्षकसंख्या मोजणारी नील्सन कंपनीही याच तारखा धरून हिशेब मांडते, म्हणून हंगामाचं नाव ‘१९९४-९५’ असं दोन सालं जोडून लिहितात. जून ते ऑगस्ट हा मधला काळ पुनःप्रक्षेपणांचा, गेम शोंचा आणि ज्यांच्यावर फारसा भरवसा नाही अशा कार्यक्रमांचा.

सप्टेंबरच का?

ही सवय रेडिओच्या जमान्यातली आहे. उन्हाळ्यात अमेरिकेत रात्री उशिरापर्यंत उजेड असतो, शाळांना सुटी असते, लोक घराबाहेर असतात. सप्टेंबरच्या सुरुवातीला लेबर डेची सुटी संपली की शाळा सुरू, दिवस लहान आणि संध्याकाळी माणसं घरात. शिवाय मोटार कंपन्या पुढच्या वर्षाची मॉडेलं शरदात बाजारात आणायच्या आणि त्यापाठोपाठ नाताळची खरेदी यायची. जाहिरातदाराला गिऱ्हाईक ज्या महिन्यांत हवं, त्या महिन्यांत नेटवर्कनं आपला चांगला माल काढला. प्रेक्षकांची सोय हा त्यातला जोडलाभ.

आपल्या मराठी वाहिन्यांवर असा हंगाम का नसतो?

आपली दैनंदिन मालिका आठवड्याला सहा-सहा भाग खाते. तिला थांबायची सोयच नाही. टीआरपी आहे तोवर ती चालते, पडली की साडेसहाला किंवा रात्री अकराला ढकलली जाते आणि मग निरोप. नवी मालिका कुठल्याही सोमवारी येऊ शकते. अमेरिकेतली प्राइम टाइम मालिका आठवड्यातून एकदा येते, त्यामुळे बावीस भाग म्हणजे जवळजवळ सगळा हंगाम. दोन्हीकडे भांडण मात्र एकाच गोष्टीसाठी, स्लॉटसाठी, म्हणजे वेळापत्रकातल्या जागेसाठी.

नेटवर्क म्हणजे वाहिनीच ना?

नाही, आणि हा फरक समजला नाही तर पुढचं बरंच काही समजत नाही. एबीसी, सीबीएस, एनबीसी आणि फॉक्स ही नेटवर्क्स कार्यक्रम पुरवतात. ते दाखवतात गावोगावची स्थानिक स्टेशनं. न्यूयॉर्क, लॉस एंजेलिससारख्या शहरांतली काही स्टेशनं नेटवर्कच्या मालकीची आहेत, पण प्रत्येक नेटवर्कशी जोडलेल्या दोनशेहून अधिक स्टेशनांपैकी बहुतेक दुसऱ्याच कंपन्यांची असतात. त्यांचा नेटवर्कशी करार असतो. संध्याकाळच्या आणि रात्री अकराच्या स्थानिक बातम्या त्यांच्या स्वतःच्या, आणि त्यांवरच्या जाहिरातींचा पैसाही त्यांचाच. म्हणजे वेळापत्रक लिहिणाऱ्याला जाहिरातदार सांभाळायचा असतो आणि ही दोनशे घरंही.

प्राइम टाइम म्हणजे किती तास?

पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार सोमवार ते शनिवार रात्री आठ ते अकरा, रविवारी सात ते अकरा. जुन्या तीन नेटवर्कांचे आठवड्याला बावीस तास होतात. फॉक्सनं प्राइम टाइमला सुरुवात केली १९८७ मध्ये, आणि ते आजही दहाला थांबतं. त्याचे पंधराच तास, दहानंतर स्टेशनं आपल्या बातम्या दाखवतात.

हे तीन तासही सरकारी नियमातून आले आहेत. पूर्वी नेटवर्क्स साडेसातलाच सुरू करायची. एफसीसी या नियामक संस्थेनं १९७१ च्या शरदापासून मोठ्या शहरांतल्या स्टेशनांना प्राइम टाइममध्ये नेटवर्कचे कार्यक्रम रोज तीन तासांवर दाखवायला मनाई केली. हेतू असा की स्थानिक लोकांनी स्वतःचं काही बनवावं. स्टेशनांनी काय केलं, तर बाहेरून स्वस्त गेम शो विकत घेतले! नियम १९९६ मध्ये गेला, पण ती वेळ नेटवर्कांकडे परत आली नाही. त्याच १९७१ साली सीबीएसनं खेड्यापाड्यांवरच्या आपल्या बऱ्याच विनोदी मालिका एका झटक्यात बंद केल्या. त्यांना प्रेक्षक भरपूर होते, पण ते वयस्कर आणि गावाकडचे. जाहिरातदारांना शहरातले तरुण हवे होते. ‘किती लोक बघतात’ यापेक्षा ‘कोण बघतं’ याला भाव येण्याचं हे पहिलं मोठं उदाहरण. पुढे १८ ते ४९ हा वयोगट सगळ्या हिशेबाचा कणा झाला.

कार्यक्रम सप्टेंबरात, मग वेळापत्रक मेमध्येच का जाहीर होतं?

कारण ते आधी विकायचं असतं. मेमध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘अपफ्रंट’ नावाचा सोहळा होतो. एनबीसीचा रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये, सीबीएसचा अनेक वर्षं कार्नेगी हॉलमध्ये. समोर बसलेले लोक जाहिरात एजन्सीचे आणि मोठ्या कंपन्यांचे. नट मंचावर येतात, विनोद होतात, झलका दाखवतात आणि पडद्यावर वारांचा तक्ता झळकतो. त्यानंतरच्या आठवड्यांत पुढच्या वर्षभराच्या जाहिरातवेळेचा मोठा हिस्सा आगाऊ विकला जातो. उरलेला हंगाम चालू असताना, त्या त्या वेळच्या भावानं. म्हणून मेमधला तक्ता नेहमी जरा जास्तच आशावादी असतो. सप्टेंबरपर्यंत त्यात दोन-तीन खाडाखोडी ठरलेल्या.

त्याआधी काय काय होतं?

जुनी रीत अशी. उन्हाळ्यात लेखक कल्पना घेऊन येतात आणि नेटवर्क काहींच्या संहिता लिहायला सांगतं. जानेवारीच्या आसपास त्यांतल्या थोड्यांचा एक नमुना भाग, म्हणजे पायलट, करायचं ठरतं. फेब्रुवारी ते एप्रिल सगळ्यांची एकदम धावपळ, तेच नट, तेच दिग्दर्शक, तेच स्टुडिओ. मेमध्ये निवड. बहुतेक पायलट कुणाला कधीच दिसत नाहीत.

निवड झाली म्हणून बावीस भाग मिळाले असं नाही. आधी तेरा भागांची मागणी नोंदवतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आकडे बरे दिसले तर आणखी नऊ. तेरा अधिक नऊ, बावीस. एखाद्या मालिकेला ‘मागचे नऊ’ मिळाल्याची बातमी आली की तिच्या सेटवर केक कापतात तो यासाठी. गेल्या काही वर्षांत ही चौकट सैल झाली आहे. नेटवर्क्स वर्षभर पायलट करतात आणि दहा-तेरा भागांचे छोटे हंगामही चालतात.

कुठली मालिका कुठल्या वारी आणि कुणाच्या मागे, हे कसं ठरतं?

इथे खरी मजा आहे. रिमोट हातात असला तरी माणूस आळशी असतो. एक कार्यक्रम संपल्यावर बरेच जण तीच वाहिनी चालू ठेवतात. त्यामुळे आधीच्या कार्यक्रमाचा प्रेक्षक पुढच्याला वारशानं मिळतो. आपल्याकडे ३ जुलै २००० ला ‘कौन बनेगा करोडपती’ आणि ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ एकाच वाहिनीवर एकाच रात्री सुरू झाले. पुढचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे.

आता एनबीसीचा १९९४ च्या शरदातला गुरुवार बघा. आठला ‘मॅड अबाउट यू’, साडेआठला एक नवी मालिका, नऊला ‘सायनफेल्ड’, साडेनऊला दुसरी नवी मालिका आणि दहाला एक नवी वैद्यकीय मालिका. साडेआठची मालिका होती ‘फ्रेंड्स’. दोन ओळखीच्या मालिकांच्या मध्ये तिला अलगद झोळीत ठेवल्यासारखं ठेवलं होतं. आधीचा प्रेक्षक उठून जात नाही आणि नऊच्या मालिकेची वाट बघणारा थोडा आधीच येऊन बसतो. या युक्तीला तिकडे ‘हॅमॉक’ म्हणतात. ‘फ्रेंड्स’ ला सुरुवातीला कुणी ओळखत नव्हतं. एका वर्षात ती एवढी उभी राहिली की १९९५ च्या शरदात तिलाच आठची वेळ दिली, म्हणजे सगळ्या रात्रीचा भार तिच्यावर. पुढे ती दहा हंगाम चालली.

साडेनऊची ती दुसरी नवी मालिका, ‘मॅडमन ऑफ द पीपल’, कुणाला आठवते? ‘सायनफेल्ड’ च्या मागे असल्यामुळे तिचे आकडे कागदावर फार चांगले होते. वर्षाच्या यादीत ती वरच्या मालिकांत होती. तरीही एका हंगामात बंद. नेटवर्क फक्त आकडा बघत नाही, आधीच्या कार्यक्रमाकडून किती मिळाले आणि त्यांतले किती गळाले हे बघतं. नव्वदच्या दशकात एनबीसीनं गुरुवारच्या या दोन झोळ्यांत कितीतरी मालिका ठेवल्या. झोळीबाहेर काढल्यावर बहुतेकींना स्वतःच्या पायावर चालता आलं नाही.

गुरुवारलाच एवढा भाव का?

अमेरिकेत नवे चित्रपट शुक्रवारी लागतात. स्टुडिओंना आदल्या रात्री जाहिरात हवी असते. शनिवार-रविवारी गाडी बघायला शोरूममध्ये जाणाऱ्या माणसाला मोटार कंपनीलाही गुरुवारीच गाठायचं असतं. १९८४ च्या शरदात एनबीसीनं गुरुवारी आठला ‘द कॉस्बी शो’ आणला. त्यामागे ‘फॅमिली टाइज’, ‘चीअर्स’, ‘नाइट कोर्ट’ आणि दहाला ‘हिल स्ट्रीट ब्लूज’. तिथून जवळजवळ वीस वर्षं ती रात्र एनबीसीच्या तिजोरीची किल्ली होती.

दोन नेटवर्क्स मुद्दाम एकमेकांसमोर मालिका ठेवतात का?

ठेवतात, आणि कधी दोघांचाही हट्ट असतो. पुन्हा १९९४. एनबीसीची ‘ईआर’ आणि सीबीएसची ‘शिकागो होप’ या दोन्ही नव्या, दोन्ही शिकागोतल्या रुग्णालयातल्या आणि दोन्ही गुरुवारी रात्री दहाला! समीक्षकांना आधी ‘शिकागो होप’ चं पारडं जड वाटत होतं. ‘ईआर’ ची मूळ संहिता तर कादंबरीकार मायकल क्रायटननं सत्तरच्या दशकात चित्रपटासाठी लिहून ठेवली होती आणि ती तशीच पडून होती. पण ‘ईआर’ ची गती वेगळीच निघाली. काही महिन्यांत सीबीएसनं आपली मालिका सोमवारी हलवली. त्यानंतर ती २००० पर्यंत चालली, म्हणजे मालिकेत खोट नव्हती, वार चुकला होता. ‘ईआर’ पंधरा हंगाम, ३३१ भाग चालून २००९ मध्ये संपली.

उलटी चालही असते. समोरच्याचा प्रेक्षक ओढता येणार नसेल तर त्याला नको असलेल्या प्रेक्षकाला बोलवायचं. १९९० च्या शरदात फॉक्सनं ‘द सिम्प्सन्स’ ही कार्टून मालिका रविवारवरून उचलून गुरुवारी आठला, थेट ‘कॉस्बी’ समोर आणली. नव्यानवेल्या नेटवर्कचं हे धाडस बघून लोक हसले. फॉक्स काही पहिलं आलं नाही, पण तरुण प्रेक्षक तिकडे वळला आणि फॉक्सला आता धरून चालावं लागेल एवढं सगळ्यांना कळलं.

शुक्रवार रात्र म्हणजे मरण, हे खरं का?

अर्धं खरं. शुक्रवारी तरुण मंडळी बाहेर असतात, म्हणून जाहिरातदार कमी पैसे मोजतात, म्हणून नेटवर्क तिथे ज्यांच्यावर विश्वास नाही अशा मालिका टाकतं, म्हणून त्या पडतात. ‘स्टार ट्रेक’ ला तिसऱ्या हंगामात, १९६८ मध्ये, शुक्रवारी रात्री दहाला ढकललं आणि १९६९ मध्ये ती संपली. फॉक्सची ‘फायरफ्लाय’ २००२ मध्ये शुक्रवारी आली. चौदा भाग बनले, अकरा दाखवले, तेही क्रम उलटापालटा करून. कथा जिथून सुरू होते तो दोन तासांचा पहिला भाग दाखवला डिसेंबरात, मालिका गुंडाळताना. असं केल्यावर वाराला दोष देणं जरा सोपंच आहे.

कारण ‘द एक्स-फाइल्स’ सुद्धा शुक्रवारचीच. सप्टेंबर १९९३ मध्ये फॉक्सनं ती त्या रात्री सुरू केली, तीन हंगाम तिथेच वाढवली आणि १९९६ मध्ये रविवारी नेली.

मुंबईतल्या कॉल सेंटरवर एनबीसीची एक मालिका होती ना? तिचं काय झालं?

‘आउटसोर्स्ड’. २३ सप्टेंबर २०१० ला सुरू झाली. एक अमेरिकी व्यवस्थापक मुंबईत येतो आणि अमेरिकी गिऱ्हाइकांना फुटकळ गमतीच्या वस्तू विकणारं कॉल सेंटर चालवतो, अशी कथा. चित्रीकरण सगळं लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत, त्यामुळे मुंबईकराला त्यातली मुंबई ओळखू येणं कठीणच. पण भारतीय वंशाचे एवढे नट एका अमेरिकी नेटवर्कच्या प्राइम टाइममध्ये एकत्र दिसणं तोवर झालं नव्हतं. रिझवान मांजी, साशा धवन, परवेश चीना, अनीशा नागराजन ही मंडळी त्यात होती. विनोद मात्र बरेचसे पोट बिघडवणारं जेवण आणि विचित्र नावं याच वळणाचे, आणि समीक्षकांनी त्यावरून सालटी काढली. माझ्या मते ती टीका रास्त होती, जरी नटांनी मिळालेल्या ओळींतून बरंच काही उभं केलं.

वेळापत्रकाच्या दृष्टीनं तिची गोष्ट फार बोलकी आहे. तिला मिळाला गुरुवारचा साडेनऊ, ‘द ऑफिस’ च्या मागचा, नेटवर्कमधला सगळ्यात उबदार स्लॉट. त्यासाठी ‘पार्क्स अँड रिक्रिएशन’ या आधीपासूनच्या विनोदी मालिकेला शरदाच्या वेळापत्रकातून बाहेर ठेवलं आणि तिचे चाहते पहिल्या दिवसापासून ‘आउटसोर्स्ड’ वर खार खाऊन बसले. सुरुवात ठीक झाली, बावीस भागही मिळाले. पण जानेवारी २०११ मध्ये ‘पार्क्स’ परत साडेनऊला आली आणि ‘आउटसोर्स्ड’ गेली साडेदहाला. त्या वेळेला नेटवर्कवर विनोदी मालिका बघायची सवयच कुणाला नव्हती. त्याच महिन्यात एनबीसी कॉमकास्ट कंपनीच्या ताब्यात गेली, मनोरंजन विभागाला नवे प्रमुख आले. आधीच्या साहेबानं निवडलेली मालिका नव्या साहेबाला प्रिय असण्याचं कारण नसतं. मेमध्ये ती बंद झाल्याचं जाहीर झालं. ‘पार्क्स’ २०१५ पर्यंत चालली.

दोन भागांत मालिका बंद करतात, हे कसं परवडतं?

परवडत नाही, पण पुढचे भाग दाखवणं आणखी महाग पडतं. जाहिरातदाराला ठरावीक प्रेक्षकसंख्येचं वचन दिलेलं असतं. ते पुरं झालं नाही तर भरपाई म्हणून दुसरीकडे फुकट जाहिरातवेळ द्यावी लागते. फॉक्सची ‘लोन स्टार’ याच २०१० च्या शरदातली. समीक्षकांनी डोक्यावर घेतली, सोमवारी ‘हाउस’ च्या मागे ठेवली, तरी दोन भागांनंतर गेली.

याउलट ‘चीअर्स’. १९८२ मध्ये आली तेव्हा पहिल्या वर्षी क्रमवारीच्या जवळजवळ तळाशी होती. एनबीसीकडे तिच्या जागी लावायला दुसरं धड काही नव्हतं आणि मालिका चांगली आहे हे वरच्यांना पटलं होतं. ती अकरा हंगाम चालली. नेटवर्क गरीब असलं की धीर धरतं, श्रीमंत झालं की उतावळं होतं.

सप्टेंबरात न येता जानेवारीत येणारी मालिका दुय्यम समजायची का?

अजिबात नाही. ‘ग्रेज अॅनाटमी’ आणि ‘द ऑफिस’ दोन्ही मार्च २००५ मधल्या. पडलेल्या मालिकांच्या जागी लावायला राखीव खेळाडू हवेच असतात. शिवाय शरदातल्या गर्दीत कुणाचं लक्ष जात नाही.

डिसेंबरात मालिका गायब का होते?

गणित करा. हंगाम पस्तीस आठवड्यांचा, भाग बावीस. तेरा आठवडे कुठेतरी घालवायलाच हवेत. ते डिसेंबरात घालवतात, कारण तेव्हा लोक नाताळाच्या गडबडीत असतात. उरलेले मार्च-एप्रिलमध्ये. आणि चांगले भाग, लग्नं, मृत्यू, पाहुणे कलाकार हे सगळं नोव्हेंबर, फेब्रुवारी आणि मे या महिन्यांत येतं. कारण ‘स्वीप्स’. अनेक दशकं या महिन्यांत (आणि जुलैत) लहान शहरांतल्या घरांना नील्सनकडून वह्या जायच्या, काय पाहिलं ते घरच्यांनी लिहायचं. त्यावरून स्थानिक स्टेशनांचे जाहिरातीचे भाव ठरायचे. वह्या २०१८ मध्ये बंद झाल्या. नोव्हेंबरात नायिकेला अपघात व्हायची पद्धत अजून आहे.

‘८/७ सी’ म्हणजे काय?

पूर्व किनाऱ्यावर रात्री आठ आणि मध्य विभागात (‘सी’ म्हणजे सेंट्रल), म्हणजे शिकागो, डॅलसकडे, सात. दोन्हीकडे प्रक्षेपण एकाच क्षणी होतं, घड्याळं फक्त वेगळी. पश्चिम किनाऱ्यावर तेच तीन तास उशिरानं दाखवतात, म्हणून तिथेही घड्याळात आठच वाजलेले असतात. न्यू जर्सीतल्या बहिणीनं शेवट फोडला तर सॅन होजेतल्या भावाला अजून तीन तास थांबायचं असतं, ही घराघरातली कटकट यातूनच आली. खेळांचे सामने आणि मोठे पुरस्कार सोहळे बहुधा सगळीकडे थेट दिसतात.

स्टेशनांनी नेटवर्कला कधी नमवलं आहे का?

२००९ च्या शरदात एनबीसीनं पैसे वाचवायला एक अजब बेत केला. सोमवार ते शुक्रवार, रोज रात्री दहाला नवी मालिका न देता जे लेनोचा गप्पांचा कार्यक्रम. पाच महागड्या मालिकांचा खर्च वाचला. नेटवर्कच्या हिशेबात कमी प्रेक्षकही चालणार होते. पण दहाला प्रेक्षक उठून गेला की अकराच्या स्थानिक बातम्यांना कोण उरणार? स्टेशनांचं उत्पन्न घसरलं आणि त्यांनी उघड बंड केलं. फेब्रुवारी २०१० मध्ये कार्यक्रम संपला. लेनोला साडेअकराला परत आणण्याच्या नादात त्या वेळेचा तेव्हाचा सूत्रसंचालक कोनन ओब्रायन नेटवर्क सोडून गेला, ते महाभारत वेगळंच.

संप झाला की वेळापत्रकाचं काय होतं?

२०२३ मध्ये ते सगळ्यांनी पाहिलं. लेखकांचा संप २ मेपासून २७ सप्टेंबरपर्यंत आणि नटांचा १४ जुलैपासून ९ नोव्हेंबरपर्यंत. शरदात दाखवायला लिहिलेलं काही नव्हतंच. एबीसीनं रिअॅलिटी आणि गेम शोंवर भागवलं, ‘द गोल्डन बॅचलर’ त्याच शरदातला. सीबीएसनं केबलवर आधीच येऊन गेलेली ‘यलोस्टोन’ रविवारी पहिल्यापासून लावली आणि ‘घोस्ट्स’ च्या मूळ ब्रिटिश मालिकेचे भाग दाखवले. नेहमीच्या मालिका २०२४ च्या सुरुवातीला परतल्या, बहुतेक तेरा-चौदा भागांच्या आत.

आता सगळं स्ट्रीमिंगवर दुसऱ्या दिवशी मिळतं. मग या तक्त्याला अर्थ काय उरला?

पूर्वीइतका नाही. ‘फ्रेंड्स’ चा शेवटचा भाग ६ मे २००४ ला सुमारे सव्वापाच कोटी लोकांनी पाहिला. आज मालिकेला त्याचा पाचवा हिस्सा मिळाला तर उत्सव. म्हणून वेळापत्रकंही सावध झाली आहेत. एनबीसीचा बुधवार २०१८ पासून तीन ‘शिकागो’ मालिकांचा, सीबीएसचा मंगळवार २०२१ ते २०२५ तीन ‘एफबीआय’ मालिकांचा होता, आणि दोन्हींचा निर्माता एकच, डिक वुल्फ. एका रात्री एकाच घराण्याच्या तीन मालिका म्हणजे प्रेक्षक वाहून नेण्याची जुनीच युक्ती, फक्त जोखीम काढून टाकलेली. त्यात झोळी नाही आणि झोळीत ठेवायला नवं बाळही नाही, ही मला त्यातली खरी उणीव वाटते.

उरलेली जागा खेळांची. रविवारचा अमेरिकी फुटबॉल एनबीसीकडे २००६ पासून आहे, आणि अकरा वर्षांच्या करारानं २०२५ च्या ऑक्टोबरपासून मंगळवारी एनबीएचं बास्केटबॉल. सामना लोक थेट बघतात, जाहिरात टाळत नाहीत. दोन तास सामन्याला दिले की दोन तासांच्या मालिका कमी झाल्या.

मी टोरोंटोत राहतो. इथलं वेळापत्रक अमेरिकेसारखंच कसं?

मुद्दाम तसं ठेवतात. कॅनडाची वाहिनी अमेरिकी मालिका त्याच वेळी दाखवत असेल, तर केबलवरच्या अमेरिकी स्टेशनाच्या जागीही कॅनडाच्या वाहिनीचं प्रक्षेपण, म्हणजे तिच्याच जाहिराती, दाखवायचा नियम आहे. त्यामुळे एनबीसीनं मालिका हलवली की टोरोंटोतल्या वाहिनीलाही आपला तक्ता खोडावा लागतो.

भारतात बसून थेट वेळ गाठायची तर किती वाजता?

न्यूयॉर्कचे रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे साडेपाच. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं तासभर मागे जातात, तिथून मार्चपर्यंत साडेसहा धरा. लॉस एंजेलिसच्या प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया सकाळी साडेआठनंतर, हिवाळ्यात साडेनऊनंतर येऊ लागतात. वाराचा गोंधळ सगळ्यांचा होतो. तिकडच्या गुरुवारची मालिका आपल्याकडे शुक्रवारी सकाळी.